रिकाम्या काट्याचे दोन किलो

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे आणि मी एका बाईची नोकरी घालवली आहे. शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचं आणि झिजलेल्या खडूचं मनोगत लिहिता. ती मंडळी भाग्यवान. त्यांनी जन्मभर नुसती सेवा केली आणि शेवटी अडगळीत पडली. त्यांच्यासाठी जरा हळहळावं, निबंधाला चांगले गुण मिळवावेत आणि खेळायला पळावं. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझी दया येणार नाही, आणि येऊही नये.

माझ्यासारखा काटा तुम्ही पाहिला असेल. वर टांगायची कडी, मध्ये घड्याळासारखं गोल तोंड, खाली हूक. पोटात एक स्प्रिंग. हुकाला ओझं अडकवलं की स्प्रिंग ताणते आणि तोंडावरची सुई फिरून वजन सांगते. ओझं काढलं की सुई शून्यावर परत यायला हवी. ती ढळलीच, तर माझ्या डोक्यावर कडीजवळ खाच असलेला एक पेच आहे. तो जरासा फिरवला की सुई जागेवर येते. पंचवीस किलोपर्यंतचं ओझं मी पेलतो. हे माझ्या तोंडावर ठळक छापलेलं आहे, पण छापलेलं वाचायचे कष्ट फार थोडी माणसं घेतात.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मालगाडीने मी वऱ्हाडात आलो आणि कारंज्याच्या बाजारात एका आडत्याकडे कामाला लागलो. तिथे जानराव नावाचे मापारी होते. माल मोजून देणं हे त्यांचं काम. मिरची असो, तूर असो की कापसाचं गाठोडं, पहिलं माप घेण्याआधी जानराव मला रिकामाच वर धरत आणि समोरच्या शेतकऱ्याला म्हणत, "रिकामा काटा पाहून घे, दादा. मंग माल टांगतो." शेतकरी सुईकडे पाहून मान डोलवी, मगच पोतं हुकाला लागे. बाजाराची ती रीतच होती. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही सुई शून्यावर उभी आहे की नाही, एवढं कळत होतं. सुई केसभर ढळली तरी जानराव कनवटीचं नाणं काढून पेच फिरवत. साऱ्या जगात हीच रीत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढे आडत्याने मोठा काटा घेतला आणि मला वाशीमच्या एका महाविद्यालयाला विकलं. वसतिगृहाच्या खानावळीत कांदे-बटाटे मोजायला म्हणून मी तिथे गेलो. खानावळीचा ठेकेदार बदलला तेव्हा त्याने आपला काटा आणला आणि मी कोठीत जाऊन पडलो. तिथे मी तीन वर्षं धूळ खात होतो. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात निर्दोष वर्षं, असं आता म्हणावं लागतं.

चौऱ्याहत्तर साली कागदाची मोठी टंचाई पडली. दुकानात वह्या मिळेनात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना कागद मिळेना. त्याच वेळी महाविद्यालयात मात्र कागदाचा कचरा ढिगाने निघत होता आणि मागच्या मैदानात जाळला जात होता. हे शालिग्राम सरांना पाहवेना. सर संख्याशास्त्र शिकवत. उंच, सडपातळ, खिशाला नेहमी तांबडी पेन्सिल. कलकत्त्याला तीन महिने राहून कारखान्यातल्या मालाची प्रत कशी सुधारायची याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की जी रीत बॉलबेअरिंगला लागू पडते ती रद्दीलाही लागू पडली पाहिजे. आधी मोजायचं. मग एकच बदल करायचा. पुन्हा मोजायचं. फायदा झाला तर तो बदल ठेवायचा, नाही झाला तर सोडायचा, आणि मग पुढचा बदल. गोळा झालेली रद्दी हातकागद केंद्राकडे पाठवायची. तिथे तिचा लगदा होऊन त्यातून जाड पुठ्ठे आणि वह्या परत मिळणार होत्या. केंद्राची माणसं वजन करत नसत. वर्षाअखेर ट्रॉली येई, भरून जाई. मोजमाप जे काही होतं ते आमच्याकडेच.

आणि मोजायचं म्हणजे काटा हवा. हरिसिंग शिपायाने मला कोठीतून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात तुळईला टांगलं. माझ्या शेजारच्या भिंतीवर सरांनी आलेखाचा मोठा कागद लावला. दर शनिवारी दुपारी वजन करायचं आणि तांबड्या पेन्सिलीने त्या कागदावर ठिपका द्यायचा, असं ठरलं.

रद्दी गोळा करण्याचं काम पंचफुलाकडे आलं. ती झाडलोट करायला रोजंदारीवर होती. वय पस्तिशीचं, अंगाने काटक, बोलणं मोजकं. स्टेशनापलीकडच्या बौद्धवस्तीत ती राहायची, आणि विहारात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरे, तिथे जाऊन अक्षरं आणि आकडे शिकत होती. माहेर कारंज्याचं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पहिल्याच शनिवारी पोतं अडकवण्याआधी ती थांबली, मान वर करून तिने माझी रिकामी सुई पाहिली आणि मगच हुकाला हात लावला. कारंज्याच्या बाजारात सांडलेला कापूस वेचत ती लहानाची मोठी झाली होती. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. वाटलं, आपलं माणूस भेटलं.

पंचफुलाची एकच इच्छा होती. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर कायम माणसांची नावं शाईने लिहीत आणि रोजंदारीवाल्यांची पेन्सिलीने. माणूस बदललं की नाव खोडरबराने पुसायचं आणि त्याच जागी दुसरं लिहायचं. पंचफुलाचं नाव सहा वर्षं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पंधरा ऑगस्टच्या सभेत प्राचार्यांनी सरांचं कौतुक केलं आणि त्या भरात सांगून टाकलं, की ही रेषा मार्चपर्यंत अशीच चढती राहिली, तर पंचफुलाबाईंचं नाव शाईने लिहू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुला मागे खांबाला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि हसली. त्या दिवसापासून भिंतीवरची रेषा तिचीही झाली.

सरांची रीत खरोखर चांगली होती, हे मी शपथेवर सांगेन. पहिल्या आठवड्यात तीन पोत्यांत मिळून चौदा किलो रद्दी निघाली. डब्यांमध्ये मुलं भुईमुगाची टरफलं टाकत आणि पान थुंकत, म्हणून सरांनी डब्यांना झाकणं बसवली आणि त्यांना नुसता कागद जाईल एवढी फट ठेवली. चौदाचे सतरा झाले. मग डबे वर्गाच्या कोपऱ्यातून उचलून दाराशी आणले. सतराचे एकवीस झाले. दिवाळीनंतर त्यांनी नऊ ठिकाणी नऊ पोती ठेवली: वर्गांच्या ओळी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, वसतिगृह. प्रत्येक पोतं वेगळं मोजायचं आणि शेवटी बेरीज करायची, म्हणजे कुठे कमी पडतं ते कळेल. पहिल्या शनिवारी नऊ पोत्यांची बेरीज तीस किलो भरली. ते तीस किलो खरे होते. त्यात पंचफुलाचे पाय होते, कारण नऊ ठिकाणांहून पोती आणायची म्हणजे दर शनिवारी तिला अख्ख्या आवाराला फेऱ्या माराव्या लागत.

इथून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

शनिवारी वजन झालं की पोती कोठीत न्यायची असत. पण कोठीची किल्ली शनिवारी दुपारीच कार्यालयात जमा होई आणि व्हरांड्यात उंदरांचा सुळसुळाट. हरिसिंगने युक्ती काढली. नऊही पोती एका दोरीत बांधायची आणि माझ्याच हुकाला टांगून ठेवायची. सोमवारी सकाळी काढायची. उंदीर पोचत नाहीत, कामही वाचतं. पंचवीस किलोच्या काट्याला तीस किलो, आणि तेही पावणेदोन दिवस. पहिल्या रविवारी माझ्या पोटातली स्प्रिंग कण्हत होती. सोमवारी ओझं उतरलं तेव्हा सुई शून्याकडे निघाली, पण पोचली नाही.

महिन्याभरात ती रिकामी असतानाही अर्ध्या किलोवर उभी राहू लागली. डिसेंबरच्या मध्यावर एकावर. जानेवारी संपता संपता दोनावर. आता तुम्हीच हिशेब करा. दर पोत्यामागे मी दोन किलो जास्त सांगत होतो आणि पोती नऊ होती. म्हणजे रद्दी तीसच किलो निघायची, आणि भिंतीवर ठिपका पडायचा अठ्ठेचाळीसचा. अठरा किलो निव्वळ माझ्या दुखण्याचे होते.

रेषा अशी चढली, की व्हरांड्यात गर्दी होऊ लागली. नागपूरहून पाहुणे आले. त्यांनी आलेखाजवळ उभं राहून फोटो काढून घेतला, सरांना प्रशस्तिपत्र दिलं आणि मार्चमध्ये नागपूरच्या परिषदेत यावर निबंध वाचायचं आमंत्रणही दिलं. सरांनी आलेखावर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या, एक वर आणि एक खाली. कलकत्त्याची शिकवण अशी, की ठिपका या दोन रेघांच्या बाहेर गेला, मग तो वर जावो की खाली, तर काहीतरी खास कारण घडलं आहे असं समजून ते शोधून काढायचं. आमचा ठिपका वरच्या रेघेबाहेर तीनदा गेला. तिन्ही वेळा सरांनी रेघ खोडली आणि आणखी वर नवी मारली. वर गेलेल्या ठिपक्याचं कारण कुणी शोधत नाही, मित्रांनो. त्याला हार घालतात. मलाही घातला होता, झेंडूचा. मी तो मिरवला.

एकट्या पंचफुलाने रिकामी सुई पाहिली होती. ती दर शनिवारी पाहतच होती. पहिल्यांदा तिने हरिसिंगला सांगितलं, "भाऊ, काटा रिकामा हाये, तरी सुई पुढं उभी हाये." हरिसिंग म्हणाला, "तुले काय करा लागते? तू पोते टांग. आकडे सायेब पाह्यते." मग नागपूरचे पाहुणे आले त्या दिवशी ती सरांपाशी गेली आणि हळूच म्हणाली, की सर, एकदा रिकामा काटा पाहून घ्या. सरांनी मान हलवली, "बघू, बाई," म्हणाले आणि पाहुण्यांबरोबर चहाला गेले. ते वाईट वागले नाहीत. त्यांना ऐकू आलं, एवढंच. त्यांनी ऐकलं मात्र नाही.

मग तिने स्वतःपुरतं एक काम सुरू केलं. रद्दीतल्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद घेऊन तिने सुईदोऱ्याने एक बोटभर वही शिवली होती. विहारातल्या वर्गात ती त्याच वहीत अक्षरं गिरवायची. त्या वहीत ती दर शनिवारी, वजन सुरू होण्याआधी, रिकाम्या सुईचा आकडा लिहून ठेवू लागली. 'शनवार, अर्दा.' 'शनवार, येक.' 'शनवार, दोन.' अक्षर वाकडं होतं, पण एकही शनिवार सुटलेला नव्हता. सरांची रीत त्या अख्ख्या महाविद्यालयात एकाच माणसाला नीट समजली होती, आणि तिचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ती लवकर आली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. तिने स्टूल ओढलं, वर चढली, कमरेचं पाच पैशांचं चौकोनी नाणं काढलं आणि माझ्या डोक्यावरच्या पेचात घातलं. जानरावांनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी मला असा हात लावला होता. सुई हळूहळू मागे सरकली आणि शून्यावर येऊन थांबली. पदराने माझं तोंड पुसत ती म्हणाली, "आता बराबर झालं पाह्य तुह्यं." वहीत तिने लिहिलं, 'शनवार, सुन्य.' मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. लोखंडाला तरी काय अक्कल असणार!

त्या दुपारी बेरीज तीस भरली. सरांनी पोती पुन्हा मोजायला लावली. पुन्हा तीस. शंका नको म्हणून त्या दिवसापासून पोती माझ्या हुकाला न ठेवता लगेच कोठीत कुलपात जाऊ लागली. पुढच्या शनिवारी साडेएकोणतीस. त्याच्या पुढच्या शनिवारी तीस. ठिपका खालच्या रेघेच्या खूप खाली गेला, आणि आता मात्र सगळ्यांना कलकत्त्याची शिकवण आठवली. खास कारण शोधायचं. अठरा किलो कागद दर आठवड्याला जातो कुठे? पोती कोण आणतं? नऊ ठिकाणांहून एकटी कोण फिरते? कारण शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही. कुणी म्हणालं, चुलीत जाळत असेल. कुणी म्हणालं, दुकानदाराला पुड्या बांधायला विकत असेल. एकाने तर म्हटलं, की त्या वस्तीतल्या लोकांना जवळ केलं की असंच व्हायचं. म्हणणाऱ्याने आवाज खाली केला नाही आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्याला अडवलं नाही.

सोमवारी कामावरून घरी जाताना हरिसिंगने तिला फाटकाशी अडवलं आणि व्हरांड्यात परत आणलं. प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. शालिग्राम सर माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभे होते. चारदोन प्राध्यापक होते, खांबाखांबाआडून मुलं पाहत होती. प्राचार्यांनी तिची पिशवी उलटी करायला सांगितली. हरिसिंगने ती हाताने धरली नाही. काठीच्या टोकाने उचलली आणि फरशीवर पालथी केली. भाकरीचं फडकं पडलं, कंगवा पडला, आणि ती वही पडली. भाकरीचा उरलेला तुकडा घरंगळत प्राचार्यांच्या बुटाजवळ गेला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला.

वही महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिकांची आहे, हे उघडच दिसत होतं. प्राचार्यांनी विचारलं, की आणखी किती नेलंस. पंचफुला उभ्या जागी ताठ होती. ती प्राचार्यांशी बोललीच नाही, शालिग्राम सरांकडे पाहून बोलली.

"सर, म्या कागद चोरला नाई. काटा खोटं सांगत होता. रिकामाच दोन दाखवे. म्या त्याले शून्यावर लावलं, म्हणून वजन उतरलं."

"म्हणजे काट्याला हात लावलास, हे कबूल आहे?" प्राचार्य म्हणाले.

"हो, लावला."

प्राचार्यांनी कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. कागदाची चोरी आणि काट्याशी छेडछाड, असे एकाचे दोन गुन्हे झाले. पंचफुलाला पहिल्यांदाच भीती वाटली असावी, कारण तिने हात जोडले. "त्या वहीत लिवलं हाये, सर. दर शनवारचं लिवलं हाये. तुमी वाचून पाहा ना."

सरांनी वाकून वही उचलली. पानं उलटली. अर्दा. येक. दोन. तारखा नव्हत्या, पण शनिवार सलग होते, आणि सर आकड्यांतले माणूस होते. मी त्यांच्या अगदी जवळ टांगलेला होतो. त्यांचा अंगठा 'दोन'वर थांबला. त्यांनी माझ्या रिकाम्या सुईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेषेकडे, जिथून ती वर चढायला लागली होती बरोबर त्या ठिकाणाकडे. नऊ दुणे अठरा हा गुणाकार त्यांच्या ओठांवर हललेला मी पाहिला. त्यांना सगळं कळलं. मित्रांनो, ते मूर्ख असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

"काय आहे त्यात?" प्राचार्यांनी विचारलं.

सरांच्या खिशात नागपूरचं आमंत्रण होतं. निबंध टंकलिखित होऊन आला होता, आणि त्यात अठ्ठेचाळीस हा आकडा पहिल्याच पानावर होता.

"गिरवलेले आकडे आहेत," सर म्हणाले. "दुसरं काही नाही."

पंचफुला त्यांच्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच वाटलं असावं, की आपलं अक्षर वाकडं आहे म्हणून सरांना लागलं नाही, कारण ती पुढे होऊन म्हणाली, "म्या वाचून दाखवू का, सर?" कुणीतरी हसलं. हरिसिंगने काठी आडवी धरली. प्राचार्य म्हणाले, की महाविद्यालयाचा कागद महाविद्यालयाला परत द्यावा आणि तो रीतसर मोजून घ्यावा. मग ती वही एका रिकाम्या पोत्यात टाकून माझ्या हुकाला लावली गेली. माझी सुई कशीबशी पाव किलोपर्यंत हलली. तेवढं वजन पोत्याचंच होतं. पंचफुलाच्या तीन महिन्यांच्या शनिवारांना माझ्याकडे वजन नव्हतं.

कारकुनाने तिथेच हजेरीपट उघडला आणि खोडरबर चालवलं. दोनदा घासलं आणि नाव गेलं. त्याने फुंकर मारून कचराही उडवला. तिने भाकरीचा तुकडा उचलला, फडक्यात बांधला आणि ती गेली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तुम्हाला वाटेल, क्रूरपणा इथे संपला. पुढच्या शनिवारी सकाळी शालिग्राम सर सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी तेच स्टूल ओढलं. खिशातून नाणं काढलं आणि माझ्या डोक्यावरचा पेच उलटा फिरवला. पहिल्यांदा जोर जास्त लागला आणि सुई अडीचवर गेली. त्यांनी ती काळजीपूर्वक मागे आणली आणि दोनावर थांबवली. फार अचूक माणूस. दुपारी बेरीज अठ्ठेचाळीस भरली. सगळ्या व्हरांड्याने एकमेकांकडे पाहिलं. बाई गेली आणि कागद परत आला. आता आणखी कसला पुरावा हवा होता? सरांनी तांबडा ठिपका दिला आणि पेन्सिल खिशात ठेवली. तिच्या चोरीची साक्ष शेवटी माझ्याच तोंडून निघाली. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, पण मला फक्त आकडा दाखवता येतो, आणि तो त्यांनी ठरवला होता.

नागपूरला निबंध गाजला. वर्षाअखेर ट्रॉली रद्दी घेऊन गेली आणि जूनमध्ये हातकागदाचे जाड पुठ्ठे आले. त्यातला एक पुठ्ठा नव्या हजेरीपटाला लावला. पंचफुलाची वही त्याच लगद्यात गेली होती. त्या पुठ्ठ्याच्या आत दुसऱ्या एका बाईचं नाव पेन्सिलीने लिहिलं गेलं. सर बढती मिळून दुसऱ्या गावी गेले. त्यांच्यामागे डब्यांची झाकणं निघाली, मुलं पुन्हा त्यात थुंकू लागली आणि मैदानात कागद पुन्हा जळू लागला. आलेखाचा कागद तेवढा चौकटीत बसवून ठेवला होता. मला कोठीत टाकलं, आणि दोनेक वर्षांनी तुटक्या बाकांबरोबर भंगारात विकलं.

फिरत फिरत बऱ्याच वर्षांनी मी कारंज्यालाच आलो, गोविंदसिंगच्या भंगाराच्या दुकानात. गोविंदसिंगला सही करता येत नाही. त्याने मला गाडीवरून उतरवलं, रिकामाच वर धरलं, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा रिकामाच दोन दाखवते. कामाचा नाई." आणि खिळ्याला टांगून ठेवलं. जे एका अख्ख्या महाविद्यालयाला दिसलं नाही, ते त्याला पोरांना ओरडता ओरडता दिसलं. तो मला लोखंडाच्या भावात विकणार आहे. अजून गिऱ्हाईक आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई बाटल्या आणि रद्दी विकायला आली. केस पांढरे झाले होते, म्हणून मी आधी ओळखलं नाही. तिचं ओझं मोठ्या काट्यावर चढवण्याआधी ती थांबली आणि मान वाकवून तिने रिकामा काटा पाहिला, तेव्हा ओळखलं. गोविंदसिंग मोजत होता तोवर तिची नजर खिळ्याकडे गेली. ती जवळ आली. पदराने तिने माझं तोंड पुसलं आणि सुई पाहिली. बराच वेळ पाहिली. तिने मला शून्यावर सोडलं होतं. मी दोनावर उभा होतो. बरोबर दोनावर, ना कमी ना जास्त.

"तुले कोणं नेलं रे पुन्हा दोनावर?" ती हळूच म्हणाली.

उत्तर तिला लगेच कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तिच्या वहीतला 'दोन' वाचणारं माणूस एकच होतं. इतकी वर्षं ती समजत होती, की सरांना तिचं अक्षर लागलं नाही. तिने कमरेचं नाणं काढलं, माझ्या डोक्याकडे हात नेला आणि खाचेत नाणं टेकवलं. माझं सगळं आयुष्य त्या क्षणाची वाट पाहत होतं. मग तिने हात खाली घेतला. नाणं परत कमरेला खोचलं. "नाई बापा," ती म्हणाली, "एकदा फिरवला होता." आणि रिकामी पिशवी उचलून ती बाजाराच्या गर्दीत निघून गेली.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, झेंडूचा हार तर मुळीच नको. तुमच्यापैकी कुणी कारंज्याला आलं, तर गोविंदसिंगच्या दुकानात डाव्या हाताच्या भिंतीवर पाहा. स्टूल लागणार नाही, हात पोचतो. पेच गंजला आहे, जोर लावावा लागेल. मला एकदा शून्यावर लावून द्या. पाच पैशांचं नाणं पुरतं.